फझी म्हणजे नक्की काय? सरकी, वॉशिंग मशीन, सिमेंटची भट्टी आणि बँकेतलं नाव

शब्दपिसारा
नमस्कार मंडळी. मी माहितीपत्रकं आणि वापराच्या पुस्तिका मराठीत करायचं काम करते. गेल्या काही महिन्यांत 'फझी' हा एकच शब्द तीन वेगवेगळ्या कागदांत समोर आला आणि तिन्हीकडे अडले. एक वॉशिंग मशीनची पुस्तिका, त्यात फझी लॉजिक. दुसरं कापसाच्या बियाण्याचं पत्रक, त्यात फझी सीड. तिसरं बँकेच्या सॉफ्टवेअरचं, त्यात फझी मॅचिंग. शब्दकोश उघडला की अस्पष्ट, धूसर, संदिग्ध, केसाळ अशी रांग मिळते, पण बियाणं संदिग्ध कसं असेल आणि मशीन केसाळ कसं असेल? मला नुसता प्रतिशब्द नकोय. त्या त्या धंद्यातली माणसं फझी म्हणतात तेव्हा त्यांच्या डोक्यात काय असतं ते कळलं तर शब्द मी शोधेन. इथे इंजिनियर आहेत, शेतकरी आहेत, गणितवाले आहेत, म्हणून इथेच विचारते. आणि हो, आपल्याकडेही अस्पष्टला किती शब्द आहेत बघा. उजेड किंवा नजर असेल तर अंधुक, लांबचा डोंगर धूसर, शाई किंवा आठवण पुसट, बोलणं मोघम आणि दोन अर्थ निघत असतील तर संदिग्ध. यातला एक जरी चुकीच्या जागी बसवला तरी कानाला खटकतं, म्हणूनच घाई करायची नाहीये.

वऱ्हाडी_कापूस
ताई, सरकीचं मी सांगतो, ते सगळ्यात सोपं आहे आणि बहुतेक शब्दाचा मूळ अर्थही तोच आहे. कापूस जिनिंगला नेला की लांब धागा म्हणजे रुई निघते आणि सरकी वेगळी होते, पण सरकीला बारीक आखूड लव चिकटलेली राहते ती जिनात निघत नाही. त्या लवेला फझ म्हणतात आणि लवेसकटच्या बियाण्याला फझी सीड. आपल्याकडच्या देशी वाणांत आणि अमेरिकन कापसात ती असतेच, इजिप्शियन जातीच्या कापसाची सरकी मात्र बरीचशी उघडी काळी निघते. इथे अस्पष्ट बिस्पष्ट काही नाही, हात लावला की कळतं.

अडचण पेरताना येते. लव असली की बिया एकमेकींना धरून बसतात, सरत्यातून म्हणजे पेरणीच्या नळीतून सोडायला गेलं की गोळाच पडतो, एका जागी चार बिया आणि पुढे दोन हात काहीच नाही. म्हणून जुने लोक सरकी शेणकाल्यात किंवा माती-राखेत चोळून वाळवायचे, लव बसून जायची आणि बी सुटं व्हायचं. नंतर आम्लाची पद्धत आली, एक किलो सरकीला साधारण 100 मिली तीव्र गंधकाम्ल, दोनतीन मिनिटं हलवायचं, लव जळून बी कॉफीसारखं तपकिरी दिसलं की भरपूर पाण्यानं धुवायचं, तरंगणारं पोचट बी काढून टाकायचं आणि चुन्याच्या निवळीनं उरलेलं आम्ल मारायचं. कृपा करून हे घरी कोणी करू नका, आम्लाचा भाजा फार वाईट असतो, हे माहीतगार माणसाचंच काम आहे. आता पाकिटातलं बी डिलिंट करून म्हणजे लव काढून, औषध लावूनच येतं त्यामुळे नव्या पोरांना फझी सरकी पेरायची वेळच येत नाही. तुमच्या पत्रकात 'लव असलेली सरकी' लिहा, कोणालाही कळेल.

रानपाखरू
वा, हे माहीत नव्हतं. इंग्रजीत हा शब्द सतराव्या शतकापासून आहे आणि सुरुवातीचा अर्थ हाच, भुसभुशीत, लवदार. पीचच्या सालीवरची लव, टेनिसच्या बॉलवरची लोकर. अस्पष्ट हा अर्थ नंतर आला आणि तो कसा आला हे सरकीकडे बघितलं तर दिसतंच. लव असलेल्या वस्तूची कड कुठे संपते आणि हवा कुठे सुरू होते ते नीट सांगता येत नाही. म्हणजे मधला भाग पक्का, कड तेवढी विरत गेलेली. हे लक्षात ठेवा, पुढे गणितवाले आले की उपयोगी पडेल.

कॅमेराकट्टा
फोटोत आम्ही सरसकट फझी म्हणत नाही, म्हटलं तर समोरचा विचारतो नक्की काय झालंय. फोकस चुकला तर आउट ऑफ फोकस, हात किंवा माणूस हलला तर मोशन ब्लर आणि हवेतच धूळ-धूर असेल तर हेझ. तिघांवरचे उपाय वेगळे. ट्रायपॉड लावून हेझ जात नाही. गिऱ्हाईक मात्र तिन्हीला 'ब्लर आलाय' एवढंच म्हणतं.

गणितवेडी
आता लॉजिकवाल्या फझीकडे येते. मोठं लिहिणार आहे, कारण या विषयावर इतकं अर्धवट लिहिलं जातं की वाईट वाटतं.

शब्द गणितात आणला लोत्फी झादेह यांनी. जन्म 1921 मध्ये बाकूचा, वाढले तेहरानमध्ये, 1944 मध्ये अमेरिकेला गेले, पुढे बर्कलीला प्राध्यापक झाले. 1965 मध्ये त्यांचा 'फझी सेट्स' नावाचा निबंध आला आणि तिथून हे सगळं सुरू झालं. 2017 मध्ये ते गेले. त्यांचं म्हणणं असं की शाळेत आपण जो संच शिकतो त्यात एखादी वस्तू एकतर आत असते किंवा बाहेर, पण माणसं ज्या संचांवर रोज विचार करतात ते असे नसतातच. 'उंच माणसं' हा संच घ्या. सहा फुटी माणूस आत, पाच फुटी बाहेर, मग साडेपाच फुटी? झादेह म्हणाले की आत-बाहेर विचारूच नका, किती आत ते विचारा. 0 म्हणजे अजिबात नाही, 1 म्हणजे पूर्ण आणि मधे 0.4, 0.7 काहीही. एवढीच कल्पना, पण तिचे परिणाम लांबवर गेले.

प्रश्न जुनाच आहे. ग्रीसमध्ये इसवी सन पूर्व चौथ्या शतकात युब्युलिडीसच्या नावावर एक कोडं सांगतात, धान्याच्या ढिगातून एकेक दाणा काढत गेलं तर ढीग ढीग राहायचा कधी थांबतो? एका दाण्यानं तर फरक पडत नाही, मग शेवटी एक दाणा उरला तरी तो ढीगच म्हणायचा का? विसाव्या शतकात पोलंडचे तर्कशास्त्रज्ञ लुकासिएविच यांनी खरं आणि खोटं यांच्यामधे तिसरी किंमत आणली, तत्त्वज्ञ मॅक्स ब्लॅकनी 1937 मध्ये मोघम शब्दांवर निबंध लिहिला. म्हणजे झादेह अगदी रिकाम्या जागेवर उभे नव्हते, पण इंजिनियरला हातात धरून वापरता येईल अशी मांडणी त्यांनी दिली.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फझी लॉजिक अस्पष्ट नाही! त्यातली बेरीज-वजाबाकी, नियम सगळं काटेकोर आहे. अस्पष्ट आहे तो विषय. इंग्रजी बोलणारेसुद्धा नाव ऐकून चुकतात आणि त्यांना वाटतं की हे काहीतरी अंदाजपंचे काम आहे.

तिरकी_रेघ
गणितवेडी, छान लिहिलंत पण मला हे संभाव्यतेपेक्षा वेगळं वाटत नाही. 0.7 उंच म्हणजे उंच असण्याची शक्यता 70 टक्के, नाव नवीन दिलं इतकंच.

गणितवेडी
नाही हो, हाच तर नेहमीचा घोटाळा. आंब्याची पेटी घ्या. बंद पेटीतल्या आंब्याबद्दल मी म्हटलं की तो पिकलेला असण्याची शक्यता 0.7, तर ते माझं अज्ञान आहे. पेटी उघडली, आंबा कापला की शक्यता संपली, आता एकतर पिकलाय किंवा नाही. पण कापलेला आंबा समोर ठेवून मी म्हटलं की हा 0.7 पिकलाय, देठाशी अजून जरा करकरीत आहे, तर तिथे अज्ञान काहीच नाही. सगळं समोर दिसतंय, आणखी कितीही बघितलं तरी 0.7 तसाच राहणार. पहिल्यात माहिती कमी आहे, दुसऱ्यात कड विरलेली आहे.

शब्दपिसारा, तुमच्यासाठी यातून तीन इंग्रजी शब्द वेगळे होतात. 'कधीतरी येतो' यात माहितीच पुरेशी नाही, ते व्हेग, आपलं मोघम. 'थोड्या वेळात येतो' हे फझी, कारण पाच मिनिटं नक्की थोडी, दोन तास नक्की नाहीत आणि मधे उतरण आहे. आणि 'तो हार घेऊन आला', फुलांचा की पराभव, हे अँबिग्युअस, म्हणजे संदिग्ध. म्हणून फझी लॉजिकला कोणी संदिग्ध तर्क म्हटलं की मला पटत नाही, त्यात दोन अर्थ नाहीतच.

जुना_तलाठी
मी महसुलात होतो. तुमचं 0 ते 1 वाचून मला आणेवारी आठवली. पीक किती आलं हे आपल्याकडे आण्यांत सांगायची रीत होती, सोळा आणे म्हणजे भरपूर पीक, आठ आणे म्हणजे निम्मं. 1957 ला दशमान नाणी आली, पुढे आणेवारीची पैसेवारी झाली पण लोकांच्या तोंडी अजून आणेवारीच आहे. आणि फक्त पीकच नाही, आपण 'सोळा आणे खरं' म्हणतोच की. म्हणजे खरेपणा मोजायचं माप आपल्या बोलण्यात होतंच.

पण कागदावर काय व्हायचं सांगतो. पैसेवारी 50 च्या आत आली की गाव टंचाईत, 50 च्या वर की बाहेर. 49 चं गाव आणि 51 चं गाव यांच्या शेतात उभं राहून फरक सांगा, कोणालाही सांगता येणार नाही, पण सारामाफी, फीमाफी एकाला आणि दुसऱ्याला काही नाही. मोजणी पायरीपायरीची आणि निर्णय मात्र कुऱ्हाडीसारखा. हे मला नोकरीभर डाचलं. 2016 च्या केंद्राच्या दुष्काळ संहितेनंतर पावसाची तूट, पिकांची उपग्रहावरून दिसणारी हिरवाई, जमिनीतली ओल असे बरेच निकष आले, तरी शेवटी कुठेतरी रेघ ओढावीच लागते.

रानपाखरू
काका, अगदी बरोबर. हवामान खात्याचंही तसंच, मैदानी भागात उष्णतेची लाट म्हणायला कमाल तापमान निदान 40 अंश हवं, किनाऱ्यावर 37, डोंगराळ भागात 30 आणि शिवाय नेहमीपेक्षा साडेचार अंश किंवा त्याहून जास्त वाढ. 39.9 ला माणसाच्या अंगाला काय वेगळं वाटतं? पण आकडा एकदा ओलांडला की इशारा निघतो, शाळांच्या वेळा बदलतात.

तिरकी_रेघ
आंब्याचं उदाहरण पटलं, फरक कळला. पण आता खरा प्रश्न. तो 0.7 आला कुठून? तुम्ही म्हणता 0.7, मी म्हणेन 0.6. मोजमाप नाही, प्रयोग नाही, मग हे शास्त्र कसं?

गणितवेडी
रास्त प्रश्न आहे आणि झादेहना तो आयुष्यभर विचारला गेला. रुडॉल्फ काल्मान, ज्यांच्या नावाची 'काल्मान फिल्टर' ही गणिती पद्धत यंत्रांचं नियंत्रण करणारे इंजिनियर वापरतात, त्यांनी 1970 च्या दशकातच कडक टीका केली. बर्कलीतलेच विल्यम काहान तर याला सरळ घातक म्हणायचे. प्रामाणिक उत्तर असं की तो आकडा निसर्गात लिहिलेला नसतो, तो रचनेचा भाग आहे, ज्याला काम माहीत आहे त्याला विचारून ठेवायचा आणि चालवून बघून सुधारायचा. ज्यांना याचा राग येतो त्यांचा राग मला समजतो. पण यंत्र नीट चालतं का ही कसोटी उरतेच, आणि त्याबद्दल भट्टीवाले दादा सांगू शकतील, ते इथे वाचत असतात.

भट्टीवाला
वाचतोय, आत्ताच शिफ्ट संपली. मी चंद्रपूरकडच्या एका सिमेंट प्लांटमध्ये कंट्रोल रूमला आहे. फझी कंट्रोल म्हणजे अशा फझी नियमांवर यंत्र चालवणं, त्याच्या पहिल्या मोठ्या औद्योगिक वापरांपैकी एक आमच्याच धंद्यातला, डेन्मार्कमध्ये 1980 च्या आसपास सिमेंटच्या किल्नवर म्हणजे भट्टीवर तो सुरू झाला. त्याआधी 1974 च्या सुमाराला लंडनमध्ये ममदानी आणि त्यांचे विद्यार्थी असिलियन यांनी एका छोट्या वाफेच्या इंजिनावर करून दाखवला होता.

किल्नलाच का, ते सांगतो. ही एक आडवी, थोडी उतरती, गोल फिरणारी लांबलचक नळी, आत चुनखडीचा मसाला पुढे सरकत जातो आणि शेवटच्या टप्प्यात साधारण 1450 अंशाला क्लिंकर बनतो, म्हणजे दळून सिमेंट करायचे खडे. आत नक्की काय चाललंय ते थेट मोजताच येत नाही. धुळीमुळे तापमानाचं रीडिंग भरवशाचं नाही, माल नीट भाजला का ते सांगणारा मोकळ्या चुन्याचा रिपोर्ट लॅबमधून येईपर्यंत तो माल कूलरमधून पुढे गेलेला असतो. समीकरणं मांडायला गेलं तर शंभर गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या. आणि तरी जुने बर्नर लोक निळ्या काचेतून ज्वाळेकडे बघून भट्टी व्यवस्थित चालवायचे! त्यांना विचारलं की ते आकडे सांगत नसत, ते म्हणत 'टॉर्क जरा चढायला लागलाय, नॉक्सही वाढतोय, म्हणजे झोन तापला, कोळसा थोडा कमी कर'. टॉर्क म्हणजे नळी फिरवायला लागणारा जोर, नॉक्स म्हणजे धुरातले नायट्रोजनचे वायू, झोन म्हणजे भाजणीचा टप्पा. आणि शब्द बघा, जरा, थोडा, चढायला लागलाय.

फझी कंट्रोलर नेमकं हेच घेतो. 'टॉर्क चढता' याला 0 ते 1 मधे किंमत, 'नॉक्स जास्त' याला किंमत, नियम जुन्या माणसाच्या तोंडचे आणि कोळसा किती कमी ते शेवटी टनात निघतं. तिरकी_रेघ, तुमचा 0.7 कुठून आला तर आमच्याकडे तो शंकरराव (नाव बदललंय) यांच्या वीसपंचवीस वर्षांच्या नजरेतून आला असं समजा. बाहेरच्या माणसाला हे कमी शास्त्रीय वाटेल, पण ज्ञान तिथेच होतं, पुस्तकात नव्हतं, आणि ते माणूस निवृत्त झाला की गेलं असतं. आज बऱ्याच ठिकाणी दुसऱ्या पद्धतीही आल्यात, मॉडेल वापरून पुढचं भाकीत करणाऱ्या, पण ऑपरेटरच्या भाषेत नियम लिहायची सोय ज्यात आहे ते अजून आम्हाला जवळचं वाटतं, कारण काही बिघडलं तर नियम वाचून कुठे चुकलं ते कळतं.

शब्दपिसारा
भट्टीवाले दादा, हे वाचून अंगावर काटा आला, मनापासून आभार. मग वॉशिंग मशीनमध्येही असंच का? नियम कोणाच्या तोंडचे, धोब्याच्या?

गणितवेडी
तत्त्व तेच. मशीन आधी कपडे थोडे फिरवून बघतं, मोटर किती जड जाते त्यावरून वजनाचा अंदाज. काही मॉडेलांत पाण्यातून प्रकाश सोडून पाणी किती गढूळ झालं ते बघतात, किती झटपट गढूळ झालं त्यावरून मळ मातीचा की तेलकट ते ताडतात, कारण माती पटकन सुटते, तेल हळू. मग समजा मळ 'जास्त' 0.7 आणि तेलकटपणा 'जास्त' 0.4 आला. नियम असा की मळ जास्त आणि तेलकटपणा जास्त तर वेळ लांब. 'आणि' असेल तर दोनातली लहान किंमत धरायची, म्हणजे हा नियम 0.4 जोरानं लागू. तेव्हाच दुसरा नियम, मळ जास्त पण तेल कमी तर वेळ मध्यम, तोही काही जोरानं लागू असतो. सगळे नियम आपापल्या जोरात मत देतात आणि त्यांची वजनदार सरासरी काढून मिनिटं ठरतात. साध्या टायमरला लागू-नाही एवढंच कळतं, इथे दोन नियम एकाच वेळी अर्धेअर्धे लागू होतात, त्यामुळे वेळ उडी न मारता सरकत बदलतो.

सेन्दाईकर
मी काही वर्षं जपानमध्ये सेन्दाईला राहतोय आणि या शब्दाची इथली गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. इथली नाम्बोकू लाइन, भुयारी मेट्रो, जुलै 1987 ला सुरू झाली आणि तिचं वेग-ब्रेक सांभाळणारं यंत्र हिताचीनं फझी नियमांवर बांधलं. गाडी सुटताना थांबताना धक्का कमी बसतो आणि फलाटावर ठरल्या जागी थांबते, त्यासाठी ती नावाजली. त्याच महिन्यात टोकियोला फझीवाल्यांची जागतिक परिषदही होती, सगळ्यांना दाखवायला चालती गाडीच मिळाली.

मग 1990 ला मात्सुशिता कंपनीनं फझी वॉशिंग मशीन आणलं आणि देशभर लाट आली. व्हॅक्यूम क्लिनर, राइस कुकर, व्हिडिओ कॅमेरा, जे उचलाल त्याच्यावर फझी. त्याच वर्षी जपानच्या नव्या शब्दांच्या वार्षिक पुरस्कारात 'फाजी' या शब्दाला सुवर्ण मिळालं! गंमत अशी की जपानीत अस्पष्टला स्वतःचा शब्द आहे, आयमाई, आणि तो बहुतेक वेळा तक्रारीच्या सुरात येतो. पण कंपन्यांनी भाषांतर केलंच नाही, इंग्रजी शब्द तसाच उचलला, लोकांच्या कानाला तो नवा, हुशार, माणसासारखं समजून घेणारा असा लागला. अमेरिकेत मात्र तोच शब्द गबाळ्या विचाराला वापरतात, त्यामुळे तिथे झादेहना नावाचाच अडथळा झाला. कल्पना त्यांची, मशीनं मात्र इथे झाली. 1995 ला त्यांना आयट्रिपलई या इंजिनियरांच्या संस्थेचं सर्वोच्च पदक मिळालं, तोपर्यंत इथल्या घराघरात फझी पोचलेलं होतं.

वऱ्हाडी_कापूस
आपल्याकडेही नव्वदीत मशीनवर स्टिकर असायचं फझी लॉजिक म्हणून. दुकानदाराला विचारलं तर म्हणायचा 'ऑटोमॅटिक आहे'. आज कळलं.

प्राचीन_पोथी
हे सगळं जैनांच्या स्याद्वादात आधीच आहे. स्यात् अस्ति म्हणजे एका परीनं आहे, स्यात् नास्ति म्हणजे एका परीनं नाही, अवक्तव्य म्हणजे सांगता न येणारं, असे सात भंग म्हणजे सात तऱ्हेची विधानं. खरं-खोट्याच्या पलीकडचं तर्कशास्त्र आपलंच.

रानपाखरू
पोथी, स्याद्वाद फार मोठी गोष्ट आहे, म्हणूनच तिला दुसऱ्याच्या खात्यावर टाकू नये असं मला वाटतं. तिथे प्रश्न दृष्टिकोनाचा आहे, घडा एका दृष्टीनं आहे, दुसऱ्या दृष्टीनं नाही. 'किती प्रमाणात' हा प्रश्न तिथे नाही. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी 1954 मध्ये त्याचा संबंध संख्याशास्त्राच्या पायाशी जोडायचा प्रयत्न केला होता आणि 1957 मध्ये जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन यांनीही त्यावर लिहिलं, दोन्ही मनापासून केलेले प्रयत्न. पण दोन्ही झादेहच्या आधीचे आणि फझीबद्दलचे नाहीत. आपलं मोठेपण सांगायला दोन वेगळ्या गोष्टी एक करायची गरज नाही.

नोंदवही
बँकेचा भाग राहिला. मी नावं जुळवण्याच्या कामात आहे, म्हणजे दोन याद्यांतली माणसं तीच आहेत का ते शोधायचं. इथे फझी मॅचिंग म्हणजे 'तंतोतंत नाही पण जवळपास'. एक नावाजलेलं माप लेव्हेनश्टाइनचं, तेही 1965 चंच. एका शब्दाचा दुसरा करायला किती अक्षरं घालावी, काढावी, बदलावी लागतात ते अंतर. रोमन लिपीत वाघ आडनाव कोणी व्ही नं लिहितो कोणी डब्ल्यू नं, अंतर 1. त्याहून जुनी साउंडेक्स नावाची पद्धत आहे, 1918 च्या पेटंटची, ती उच्चारावर चालते पण पहिलं अक्षर जसंच्या तसं धरते, त्यामुळे व्ही आणि डब्ल्यूचे दोन वाघ तिला कधीच एक दिसत नाहीत. ती अमेरिकन आडनावांसाठी बनली, आपल्यासाठी नाही.

आणि देवनागरीत काय होतं बघा. शिंदे आणि शिन्दे, अनुस्वार काढून न आणि हलन्त घातला की संगणकाच्या हिशेबानं अंतर 2. पाटील आणि पटेल, काना काढला आणि वेलांटीची मात्रा केली, अंतर 2. म्हणजे एकच घराणं आणि दोन संपूर्ण वेगळी घराणी, मापाला दोन्ही सारखीच! रोमनमध्ये तर पाटील आणि पटेल एकाच अक्षराच्या अंतरावर आणि शिंदे-सिंधिया, जे मुळात एकच आडनाव, ते 3 वर. म्हणून नुसतं अंतर बघून खातं अडवणं किंवा दोन माणसं एक करणं हे अन्यायाचं आहे. रेघ कुठे ओढायची हा इथेही प्रश्न आहे, तलाठी काकांसारखाच, आणि रेघेच्या आसपासची नावं माणसानं डोळ्यांनी तपासायलाच हवीत. आमच्या एका ओळखीच्या बाईंची पेन्शन अशाच जुळणीत काही महिने अडकली होती, तेव्हापासून मी या बाबतीत फार कडक आहे. पत्रकात 'अंदाजे जुळणी' लिहू नका, लोकांना वाटेल अंदाजानं केलंय. 'जवळची जुळणी' किंवा 'मिळतीजुळती नावं' बरं.

बगशोधक
अजून एक राहिलंच, फझिंग. प्रोग्रामला मुद्दाम वेडावाकडा कचरा इनपुट देऊन तो पडतो का ते बघायचं. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या बार्टन मिलर यांनी 1988 मध्ये सुरू केलं. वादळी रात्री ते फोन लाइनवरून कामाच्या कॉम्प्युटरला जोडलेले होते, लाइनवरच्या खरखरीमुळे आज्ञांमध्ये भलतीच अक्षरं घुसत होती आणि युनिक्स या संगणक प्रणालीचे नेहमीचे प्रोग्राम पडत होते. विद्यार्थ्यांना तोच प्रयोग करायला दिला तर चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त प्रोग्राम पडले किंवा लटकले. याचा फझी लॉजिकशी काही संबंध नाही, नावातली खरखर तेवढी सारखी. आज ब्राउझरपासून सगळ्याची सुरक्षा अशी तपासतात.

शब्दपिसारा
सगळ्यांचे किती आभार मानू. मी असं करतेय. बियाण्याला 'लव असलेली सरकी'. बँकेला 'मिळतीजुळती नावं'. मशीनला मात्र फझी लॉजिक तसंच ठेवून खाली एक ओळ, 'कपडे किती आणि किती मळके यानुसार मशीन वेळ व पाणी हळूहळू कमीजास्त करतं'. धूसर तर्क लिहिणार होते पण गणितवेडीचं वाचून रद्द केलं, तर्क धूसर नाहीचे. भट्टीवाले दादांसारखं 'जरा', 'थोडा', 'बऱ्यापैकी' हे शब्द पुस्तिकेत वापरले तर चालतील का, की कंपनी म्हणेल आकडे लिहा?

गणितवेडी
जरूर वापरा, झादेहनी अशा शब्दांचंही गणित केलंय. 'फार' लावलं की किंमतीचा वर्ग करायचा, 0.7 उंच असेल तर 'फार उंच' 0.49. 'साधारण' लावलं की वर्गमूळ, म्हणजे 'साधारण उंच' 0.84 च्या आसपास. पण मराठीत नुसतं फार आणि साधारण नाही, जरासा, बरा, बऱ्यापैकी, चांगलाच, भलताच अशी पूर्ण चढण आहे आणि तिचा क्रम कोणी मोजलाय असं माझ्या पाहण्यात नाही. उदाहरणार्थ 'चांगलाच मळलाय' हे 'फार मळलाय'पेक्षा वर की खाली?

वऱ्हाडी_कापूस
आमच्याकडे चांगलाच वर.

सेन्दाईकर
कोल्हापूरच्या घरी फार वर. आईला विचारून सांगतो.

भट्टीवाला
कंट्रोल रूममध्ये 'चांगलाच' म्हटलं की लोक खुर्चीवरून उठतात, 'फार'ला उठत नाहीत. उद्या दुसऱ्या शिफ्टच्या पोरांनाही विचारतो, त्यातले निम्मे तेलंगणाकडचे आहेत, त्यांच्या मराठीत वेगळं निघेल.